पक्षिवलयन

पक्षिवलयन : वन्य पक्ष्यास इजा न होऊ देता पकडून, त्याच्या पायात क्रमांक व पत्ता कोरलेले धातूचे हलके वलय (कडे) बसवून, मोजमापे घेऊन त्यास त्याच जागी मुक्त करण्याच्या क्रियेस पक्षिवलयन म्हणतात. एका जातीचे पक्षी दिसण्यात इतके सारखे असतात, की आज बांधावर दिसलेला थिरथिरा कालचाच आहे, की रात्रीतून आलेला दुसरा, हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. वलयामुळे पक्ष्यास व्यक्ती म्हणून ओळख मिळते आणि त्याचे वय, प्रवास, परत येण्याची सवय व मृत्यू ह्यांची नोंद ठेवणे शक्य होते.

नांदेड जिल्ह्यातील लोहा परिसर ह्या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. बालाघाटाच्या पसरत गेलेल्या माळांवरील हा प्रदेश गोदावरीच्या खोऱ्यात मोडतो. काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी व हरभरा, बांधांवर बाभूळ-बोरीची काटेरी झुडपे, मधूनमधून सुनेगावच्या तलावासारखे लहान पाणसाठे आणि लिंबोटी येथे अडविलेल्या मानार नदीचा मोठा जलाशय, असे येथील भूदृश्य आहे. पावसाळा ओसरू लागताच उत्तरेकडून पाहुणे पक्षी येऊ लागतात. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तोवर ते आपापल्या जागी स्थिरावलेले असतात. ज्वारीच्या कणसांवर उतरणारे भोरड्यांचे व भारिटांचे थवे शेतकऱ्यास नको इतके परिचित आहेत. धोबी, काळा थिरथिरा, गप्पीदास, शंकर हे दृष्टीस पडतात. बोरीच्या जाळीत दिवसभर ‘चक् चक्’ करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या मात्र ऐकू येतो, दिसत नाही. तो सु. दहा-बारा ग्रॅम वजनाचा, मातकट रंगाचा पक्षी सायबीरिया व मध्य आशियाच्या बाजूने येतो. पुढील हिवाळ्यात तो त्याच बोरीत येतो काय, आणि बोर तोडली गेली तर त्याचे काय होते, हे प्रश्न जाळे व वलय ह्यांवाचून सुटणारे नाहीत.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना सालिम अली ह्यांनी १९३१-३२ मध्ये त्या संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीने टिपून त्यांची कातडी जतन करण्यात आली. वर्गीकरणास ह्या नमुन्यांचा फार मोठा उपयोग झाला व आजही होतो. परंतु कपाटातील नमुना तो पक्षी त्या दिवशी त्या ठिकाणी होता एवढेच सांगतो. तो कोठून आला होता व कोठे जाणार होता, ह्यांची उत्तरे त्याला मारल्यामुळेच मिळेनाशी होतात. जिवंत पक्ष्यावर खूण करून त्यास जाऊ देण्यामागील विचार नेमका येथे सुरू होतो.

इतिहास : पक्षी दूरदेशी जातात ह्याचा अत्यंत बोलका पुरावा १८२२ मध्ये जर्मनीत मिळाला. तेथे मारलेल्या एका पांढऱ्या करकोच्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा भाला आरपार रुतलेला होता. तो घेऊनच पक्षी परतला होता. हेतुपूर्वक व पद्धतशीर वलयनाचा आरंभ डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग येथील शिक्षक हान्स क्रिस्टियान मॉर्टेन्सेन ह्यांनी १८९९ मध्ये केला. आधी त्यांनी जस्ताची वलये वापरून पाहिली होती. ती जड झाल्यामुळे त्यांनी ॲल्युमिनियमची वलये करून साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांना घातली. क्रमांकाबरोबर पत्ताही कोरण्याची त्यांची युक्ती साधी होती. वलयनशास्त्र आजही तिच्यावरच उभे आहे, कारण पक्षी ज्याच्या हाती पडेल त्याने कळविल्याखेरीज वलय मुके असते. जर्मनीतील रोसिटन केंद्रात १९०३ पासून व ब्रिटनमध्ये १९०९ पासून हे काम सुरू झाले. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये मे १९११ मध्ये वलय घातलेली भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली, तेव्हा एवढासा पक्षी अर्धे जग ओलांडतो ह्यावर शंका घेण्यास जागा उरली नाही.

भारतात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२६-२७ च्या सुमारास धार संस्थानच्या साहाय्याने बदकांना वलये घालण्यास सुरुवात केली. तथापि ह्या कामास खरी गती एका रोगाने दिली. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) वेगळा केलेला विषाणू रशियातील गोचिडजन्य मेंदुज्वराच्या विषाणूंशी निकटचे नाते असलेला निघाला. साहजिकच, सायबीरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबरोबर तो भारतात आला असावा, अशी शंका घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने सालिम अली ह्यांच्या नेतृत्वाखाली पक्षिस्थलांतराचा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवर ठेवलेला आरोप काही सिद्ध झाला नाही. हा विषाणू त्या जंगलातील गोचिडी व लहान सस्तन प्राणी ह्यांच्यात नांदणारा आहे, असेच मानले जाते. रोगाच्या शोधात पक्ष्यांविषयीचे ज्ञान मात्र पदरात पडले. पुढे भरतपूर, तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमिअर, ओडिशातील चिल्का सरोवर इ. ठिकाणी शिबिरे भरली व सोसायटीने आजवर काही लाख पक्ष्यांना वलये घातली आहेत. ह्या शिबिरांत पक्षी पकडण्याचा मोठा भार बिहारमधील मीरशिकार ह्या परंपरागत पारध्यांनी उचलला. पिढ्यान् पिढ्या बाजारासाठी वापरलेले कसब येथे पक्षी जिवंत व निकोप ठेवण्यासाठी वापरले गेले. मराठवाड्यातील फासेपारध्यांचे तित्तिर व लाव्यांविषयीचे ज्ञानही ह्याच तोडीचे आहे. इंग्रजी अमदानीतील गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर शिक्का मारला, आणि त्या ज्ञानाला विद्यालयीन विज्ञानाची दारे जवळजवळ बंदच राहिली.

जाळे : लहान पक्षी पकडण्यास सर्वत्र जे जाळे वापरतात त्यास ‘मिस्ट नेट’ म्हणजे धुकेजाळे म्हणतात. हे जपानी शिकाऱ्यांचे साधन आहे. तेथे त्यास ‘कासुमी-आमी’ (धुक्याचे जाळे) म्हणत व रेशमी धाग्यांनी विणत. खाण्यासाठी कस्तुर जातीचे पक्षी त्याने धरले जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ह्या जाळ्याने शिकार करण्यावर बंदी आली. सुमारे त्याच काळात ते अमेरिकेतील व नंतर यूरोपातील पक्षिशास्त्रज्ञांच्या हाती गेले.

आताचे जाळे नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या अत्यंत बारीक काळ्या धाग्याचे असते. त्याची लांबी ६ ते १८ मी. व उंची सु. २·५ मी. असते. वटवट्याएवढ्या पक्ष्यासाठी एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत सु. १६ मिमी. बाजू असलेल्या छिद्रांचे जाळे चालते. टिलव्यासारख्या चिखलपायी पक्ष्यांना ते थोडे मोठ्या छिद्रांचे लागते. जाळ्यातून चार-पाच आडव्या मजबूत दोऱ्या ओवलेल्या असून त्या दोन बांबूंच्या मध्ये ताणतात. दोऱ्यांमधील जाळे मात्र मुद्दाम सैल सोडतात. जाळ्याचे सारे मर्म ह्या सैलपणात आहे. उडत आलेला पक्षी सैल जाळ्यावर आदळतो, त्याच्या भाराने जाळे खालच्या दोरीवरून पलीकडे लोंबते व तयार झालेल्या झोळीत पक्षी निजल्यासारखा पडून राहतो. जाळे ताठ ताणले तर पक्षी चेंडूसारखा उसळून निसटतो, फार ढिले सोडले तर तो आत गुंडाळला जातो.

जागेची निवड हे निम्मे काम होय. आकाशाच्या पार्श्वभूमीवर जाळे पक्ष्यास दिसते, झाडोऱ्याच्या सावलीत नाहीसे होते. म्हणून दोन बाभळींमधील वाट, ओढ्याकाठच्या लव्हाळ्यातील फट किंवा शेताच्या बांधावरील खिंडार अशा जागी, वाऱ्याला तोंड न देता ते लावतात. पाणथळीवरील चिखलपायी पक्ष्यांसाठी ते अमावास्येच्या आसपासच्या रात्री उथळ पाण्यावर ताणतात. शेळ्यामेंढ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावलेले जाळे पहिल्याच सकाळी फाटते, हे मराठवाड्यात सांगावयास नको. गोखरूचे काटे एकदा धाग्यात अडकले, की ते काढण्यात जाणारा वेळ पक्षी काढण्यापेक्षा अधिक असतो.

हिवाळाच का : पश्चिम व मध्य आशियातून तसेच सायबीरियातून आलेले पक्षी आपल्याकडे मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चपर्यंत असतात, हे एक कारण. दुसरे असे, की ह्या काळात त्यांच्या मागे घरटे नसते. विणीच्या हंगामात जाळ्यात अर्धा तास अडकलेल्या मादीची अंडी थंड पडू शकतात. हिवाळी पाहुण्याच्या बाबतीत हा धोका उद्भवत नाही. पिसे गळून नवी येण्याचा क्रमही कित्येक जातींत ह्याच काळात तपासता येतो. असे असले तरी हिवाळा निर्धोक नाही. बारा ग्रॅमच्या पक्ष्याने रात्रभर ऊब राखण्यासाठी अंगची चरबी जाळलेली असते व पहाटे तो भुकेला असतो. जानेवारीत लोह्याच्या माळावर पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असताना सूर्योदयालाच धरलेला पक्षी ताटकळत ठेवणे म्हणजे त्याची न्याहारी व कदाचित प्राणही घेणे होय. उलट फेब्रुवारीत दहा वाजताच ऊन असे तापते, की उघड्यावरील जाळ्यातील पक्षी चोच वासून धापा टाकू लागतो. दोहोंच्या मधील दोन-तीन तासच खरे कामाचे असतात. वारा सुटला, दव फार पडले किंवा सर आली तर जाळी गुंडाळून बांधून ठेवतात. उघडे जाळे सोडून जाणे हा ह्या कामातील अक्षम्य दोष होय. शिक्रा, मुंगूस, मांजर व कुत्री ह्यांना जाळ्यातील फडफड लांबूनच कळते. म्हणून वीस मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने, प्रत्येक जाळ्यावर फेरी मारावी लागते.

पक्षी हाताळणे : पक्षी कोणत्या बाजूने जाळ्यात शिरला हे प्रथम ओळखावे लागते, कारण त्याच बाजूने तो निघतो. बहुधा आधी पाय, मग पंख व शेवटी डोके मोकळे करतात. बुलबुलाच्या जिभेच्या मागे धागा अडकण्याची खोड असते. खाटीक व पोपट हे सोडविणाऱ्याचे बोट फोडल्यावाचून राहत नाहीत. गुंता सुटेना तर धागा कापावा, पक्षी ओढू नये. जाळे विकत मिळते. सुटलेला पक्षी तर्जनी व मधले बोट ह्यांमध्ये मान व तळहातावर पाठ येईल असा धरतात. पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, म्हणून छाती दाबली जाता कामा नये. नंतर त्यास कापडी पिशवीत ठेवतात. अंधारात तो शांत होतो.

वलय पायाच्या जाडीप्रमाणे निवडतात. ते पायावर खालीवर सरकले व सहज फिरले पाहिजे, परंतु गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर चढता कामा नये किंवा बोटांवर उतरता कामा नये. तोंडाच्या दोन्ही कडा मिळाव्यात, एकीवर एक चढू नयेत. चढलेली कड पायात रुतते, आणि तो पक्षी पुन्हा हाती न लागल्यास चूक दुरुस्त करण्याची संधीही मिळत नाही. वटवट्याच्या वलयाचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्या पक्ष्यांसाठी लवकर न झिजणाऱ्या मिश्रधातूची वलये करतात. मिडवे बेटावर १९५६ मध्ये वलय घातलेली लेसान अल्बट्रॉस मादी, वलये बदलत बदलत, सत्तरी ओलांडल्यावरही अंडी घालताना आढळली आहे. त्यानंतर पंखाची लांबी, वजन, गळ्याच्या खळगीत साठलेली पिवळसर चरबी व पिसांची झीज ह्यांची नोंद होते. मार्च महिन्यात ही खळगी चरबीने भरलेली दिसली, तर पक्ष्याची परतीच्या प्रवासाची तयारी झाली असे समजावे. सराईत हाताला हे सारे करण्यास दोन-तीन मिनिटे पुरतात.

नोंदींचा अर्थ : वलय घातलेला लहान पक्षी दूर कोठे तरी सापडल्याचे कळण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. हे पाहता सारा खटाटोप व्यर्थ वाटेल. परंतु दूरच्या पुनर्प्राप्तीपेक्षा त्याच जागी पुन्हा धरलेला पक्षी बहुधा अधिक शिकवितो. मुंबईच्या एका उपनगरातील लहानशा हिरवळीवर वलय घातलेला करडा धोबी पुढील हिवाळ्यांतही त्याच हिरवळीवर उतरला, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. हिमालय व त्यापलीकडे पसरलेल्या प्रदेशातून निघून टेनिसच्या मैदानाएवढी जागा अचूक गाठणे, ही गोष्ट जर्मनीत वलय घातलेला करकोचा बिकानेरकडे सापडण्याइतकीच विस्मयकारक आहे. पूर्व घाटात रंगीत वलये घालून केलेल्या अभ्यासात हिरवट पर्ण वटवट्या हिवाळ्यातही स्वतःची हद्द राखतो व पुढील वर्षी तीच हद्द धरतो, असे दिसून आले. असा पक्षी ‘कोठे तरी’ जाऊन राहत नाही. त्याची ठरलेली बोर किंवा बाभूळ असते. बांध कोरून शेत रुंद केले, की त्या पक्ष्याची जागा नकाशावरून पुसली जाते, आणि शेजारच्या बांधावर आधीच दुसरा मालक असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शंभर पक्ष्यांना वलये घातली व पुढील हिवाळ्यात त्यांतील वीस पुन्हा जाळ्यात आले, तर ऐंशी मेले असा निष्कर्ष निघत नाही. काही आले असतील पण जाळ्यात सापडले नसतील, काही दुसरीकडे गेले असतील. पकडले जाण्याची शक्यता व जगण्याची शक्यता ह्या दोहोंना वेगळे करणारे गणित कॉरमॅक (१९६४), जॉली व सेबर (दोघेही १९६५) ह्यांनी मांडले. त्यासाठी वर्षानुवर्षे त्याच जागी, तेवढीच जाळी, तितकाच वेळ लावावी लागतात. एका हिवाळ्याच्या हौसेने दिलेली वलये ह्या हिशेबात जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत एच५एन१ विषाणूचा, भारतातील पहिला म्हणून नोंदला गेलेला, प्रादुर्भाव झाला. तेव्हा दोष पुन्हा स्थलांतरी पक्ष्यांकडे गेला. कोणता पक्षी केव्हा, कोठून व कोणत्या मार्गाने येतो हे ठाऊक नसेल तर असा आरोप सिद्धही करता येत नाही व खोडूनही काढता येत नाही.

धोके व निर्बंध : जाळे शिकाऱ्याचे व शास्त्रज्ञाचे एकच असते. नागालँडमधील दोयांग जलाशयाकाठी २०१२ मध्ये मासेमारीची जाळी झाडांना बांधून अमूर ससाणे हजारोंनी मारले गेले. पुढील वर्षी गावकऱ्यांनी ती शिकार थांबविली व त्याच परिसरात तीन ससाणे जाळ्यानेच धरून, त्यांच्या पाठीवर उपग्रह-प्रेषक बसवून सोडण्यात आले. ते भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे गेल्याचे दिसले. शास्त्रीय कामातही पक्षी दगावतात, हे लपविण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील सहा लाखांहून अधिक पकडींच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजेचे प्रमाण शेकडा ०·५९ व मृत्यूचे ०·२३ आढळले. म्हणजे हजार पक्ष्यांमागे दोन-तीन. हे प्रमाण अल्प असले तरी ते शिकलेल्या हातांचे आहे, नवख्याचे नव्हे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पक्षी पकडणे हेही ‘शिकारी’च्या व्याख्येत येते. त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून जाळे लावणे हा गुन्हा होय, मग हेतू कितीही शुद्ध असो. हे बंधन योग्यच आहे.

उपग्रह-प्रेषकांमुळे वलये कालबाह्य होतील असे अनेकांना वाटले. मोठ्या पक्ष्यांबाबत प्रेषकांनी अपूर्व माहिती दिली आहे. भारतात हिवाळा काढणारे पट्टकादंब हिमालयाची चढण सात-आठ तासांत पार करतात, हे त्यांनीच दाखविले. परंतु प्रेषकाचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाचांहून अधिक असू नये असा संकेत आहे. बारा ग्रॅमच्या पक्ष्याच्या वाट्यास त्यातून जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच वजन येते. शिवाय प्रेषक मोजक्याच पक्ष्यांना परवडतो व काही काळाने बंद पडतो. वलय पक्ष्याबरोबर जन्मभर राहते.

वलय सापडल्यास : शेतात, विहिरीत, विजेच्या तारेखाली किंवा जाळ्यात वलयाचा पक्षी कोणासही सापडू शकतो. मंगोलियात पट्टकादंबांच्या गळ्यात घातलेले क्रमांकित पट्टे तर भारतातील तलावांवर दुर्बिणीतूनही वाचता आले आहेत. रशियातील वलयांवर ‘मॉस्क्वा’ असे रोमन लिपीत कोरलेले असते. वलयाबद्दल गैरसमजही पुष्कळ आहेत. २०२३ मध्ये मुंबईत पकडलेल्या एका कबुतराच्या पायातील कड्यांवरील मजकूर चिनी भासल्याने ते हेरगिरीच्या संशयावरून अटकेत पडले. ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर असल्याचे निष्पन्न होऊन जानेवारी २०२४ मध्ये सुटेपर्यंत आठ महिने गेले. वलयात यंत्र नसते, केवळ क्रमांक व पत्ता असतो. पक्षी जिवंत असल्यास वलय काढू नये. अक्षरे लावता न आल्यास ती जशी दिसतात तशी उतरून घ्यावीत किंवा त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि पक्ष्यास सोडावे. दिनांक, गावाचे व तालुक्याचे नाव आणि पक्षी कोणत्या स्थितीत सापडला, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाऊस, मुंबई ह्या पत्त्यावर कळवावे. वलय परदेशी असले तरीही तेथून ते योग्य केंद्राकडे पोहोचविता येते. पक्षी मेलेला असल्यास वलय काढून, सपाट करून, पत्रास चिकटवून पाठवावे.